समुपदेशन केंद्रातले इंटर्न आणि बुधवारचा सेमिनार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर जुलैत मानसशास्त्राच्या एम. ए. भाग दोनचे नवे इंटर्न विद्यापीठाच्या आमच्या समुपदेशन केंद्रात येतात आणि पहिल्या आठवड्यात तेच प्रश्न विचारतात. काही वर्गात मोठ्याने, काही जिन्यात गाठून. उत्तरं देऊन देऊन माझी पाठ झाली आहेत, म्हणून एकदाची लिहून काढली. सेमिनार मी घेते, त्यामुळे यात काही मतं माझी स्वतःची आहेत. ती कुठली हे वाचताना कळेलच.

सेमिनार म्हणजे आणखी एक लेक्चर का?

नाही. लेक्चर तुमचं विभागात होतं. बुधवारी दुपारी अडीच ते पाच आम्ही आठ-दहा जण एका टेबलाभोवती बसतो. पहिला अर्धा तास त्या आठवड्याचा विषय, उरलेला वेळ रोल-प्ले किंवा कुणाची तरी केस. पीपीटी नसते. एका वर्षी एका इंटर्नने हौसेने बावीस स्लाइड्स करून आणल्या, नेमका प्रोजेक्टर बंद पडला आणि तिला केस नुसती तोंडी सांगावी लागली. त्या वर्षातला सगळ्यात चांगला सेमिनार तोच. प्रोजेक्टर आम्ही अजून दुरुस्त केलेला नाही.

मग सुपरव्हिजन वेगळं कसं?

सुपरव्हिजन आठवड्यातून एक तास, तुम्ही आणि तुमचे सुपरव्हायझर, दोघंच. तुमच्या क्लायंटबद्दलचे निर्णय तिथे होतात: पुढे काय करायचं, मानसोपचारतज्ज्ञांकडे रेफर करायचं का, घरच्यांशी बोलायचं का. सेमिनारमध्ये निर्णय होत नाहीत, तिथे एकमेकांच्या अडचणींवर आपण सगळे शिकतो. त्यामुळे ज्याला घाई आहे ते बुधवारपर्यंत राखून ठेवू नका. जिवाला धोका वाटतोय अशी गोष्ट त्याच दिवशी, त्याच तासाला सुपरव्हायझरला कळली पाहिजे. सेमिनारला ती मागाहून येईल.

पहिल्या आठवड्यात क्लायंट मिळतो का?

नाही. साधारण सहा आठवडे तुम्ही इंटेक (नव्या क्लायंटची पहिली भेट आणि माहिती) कसा घेतात ते बघता, फॉर्म भरायला शिकता, एकमेकांवर सराव करता. मग एक क्लायंट. दिवाळीच्या सुट्टीनंतर तीन, फार तर चार. 'बाकीच्या ठिकाणी पहिल्या दिवसापासून देतात' असं दरवर्षी कुणीतरी सांगतं. देत असतील.

रोल-प्लेची लाज वाटते. टाळता येईल का?

टाळता येणार नाही, पण लाज कमी करता येते. पहिल्या रोल-प्लेमध्ये क्लायंट मी होते आणि इंटर्न माझ्यासमोर बसतो. मी म्हणते, "मॅडम, माझं सेकंड इयर डाउन झालंय, घरी अजून सांगितलं नाहीये." समोरून बहुतेक वेळा पहिल्याच मिनिटात उत्तर येतं: "काळजी करू नका, होईल सगळं नीट." त्यापाठोपाठ टाइमटेबल, प्राणायाम आणि एटीकेटीचे नियम.

तिथे आम्ही थांबतो. सल्ला चुकीचा असतो म्हणून नव्हे. वाक्यातला महत्त्वाचा भाग 'घरी सांगितलं नाहीये' हा होता आणि तो कुणी ऐकलाच नाही, म्हणून. किती दिवस सांगितलं नाही? घरून फोन आला की काय बोलतो? घरात हे सगळ्यात आधी कळलं तर कुणाला कळावं असं वाटतं? हे प्रश्न सुचायला हुशारी लागत नाही, गप्प बसायची सवय लागते. म्हणून पहिल्या महिन्यात एक नियम असतो: रोल-प्लेची पहिली पंधरा मिनिटं सल्ला बंद. घड्याळ लावून वीस सेकंद शांत बसायचा सरावही करतो. वीस सेकंद किती लांब असतात ते तेव्हाच कळतं. कुणीतरी हसतं, कुणीतरी पाण्याची बाटली उघडतं.

सगळं शिकलो इंग्रजीतून, क्लायंट बोलतात मराठीतून. काय करायचं?

माझ्या मते वर्षभरातला हा सगळ्यात कठीण विषय आहे आणि अभ्यासक्रमात त्याला जागा नाही. म्हणून आम्ही त्याला दोन अख्खे बुधवार देतो.

लातूरहून किंवा चंद्रपूरहून आलेला मुलगा 'मला अँक्झायटी आहे' असं म्हणेलच असं नाही. तो म्हणतो जीव खालीवर होतो, छातीत धस्स होतं, डोकं बधिर झालंय, कशात मन लागत नाही, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. किंवा एकच शब्द: टेन्शन. टेन्शन म्हणजे परीक्षेची भीती, मेसचं थकलेलं बिल, मोडलेलं प्रेम, बापाचं कर्ज, नाहीतर यातलं काहीच नाही. फळ्यावर आम्ही असे शब्द लिहीत जातो आणि इंटर्नना सांगतो की लगेच त्यांचं इंग्रजी करू नका. 'जीव खालीवर होतो' याला 'पॅनिक' लिहून टाकलं की विचारायचं राहून जातं: कधी होतो, कुठे बसलेला असताना, त्यावेळी कोण आठवतं.

'कंटाळा' या शब्दावर आम्ही नेहमी थांबतो. अभ्यासाचा कंटाळा वेगळा, 'सगळ्याचाच कंटाळा आलाय' वेगळा. 'आता बास झालं' हे वाक्य चहाच्या कपावर म्हटलं जातं तसं दार लावून घेण्याआधीही म्हटलं जातं. ते ऐकून पुढे सरकायचं नाही, 'बास म्हणजे काय?' असं विचारायचं.

दुसरा घोळ तू आणि तुम्हीचा. क्लायंट अठरा-एकोणीसचा, तुम्ही बावीसचे. सुरुवात 'तुम्ही'ने करा. त्याला अवघडल्यासारखं झालं तर तो स्वतःच सांगेल, मग 'तू'वर या. पण क्लायंट मुलगी असेल तर 'तू' आणि मुलगा असेल तर 'तुम्ही', असं आपोआप होतंय का तेही तपासा. आमच्या व्हर्बेटिममध्ये, म्हणजे सेशनच्या शब्दशः लिहिलेल्या नोंदीत, ते अनेकदा सापडलं आहे.

आणि 'ताई', 'दादा'. क्लायंट तुम्हाला ताई म्हणाला तर अडवू नका. मात्र ताई म्हटल्यावर नातं येतं आणि नात्याबरोबर अपेक्षा येतात. एका श्रावणात एका क्लायंटने आमच्या इंटर्नसाठी राखी आणली. तिने ती त्याला बांधावी की नाही यावर दीड तास चर्चा झाली. एकमत झालं नाही, ते व्हायलाच हवं असंही नव्हतं. त्याला सख्खी बहीण नव्हती का, होती तर तिच्याशी बोलणं का बंद होतं, हे मात्र त्या चर्चेमुळे पुढच्या सेशनमध्ये विचारलं गेलं. संक्रांतीचा तिळगूळ घ्यायला माझी हरकत नाही. पाकीट, घड्याळ, ड्रेसचं कापड घ्यायचं नाही.

व्हर्बेटिम म्हणजे काय?

सेशनमधली दहा मिनिटं शब्दशः लिहून आणायची: क्लायंट काय म्हणाला, तुम्ही काय म्हणालात, मध्ये किती वेळ कुणी बोललं नाही. सेमिनारमध्ये दोघं ती मोठ्याने वाचतात. तुमची वाक्यं दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना कानशिलं तापतात, हे मान्य. लिहिताना वाक्यं सुधारून आणू नका. ओळखू येतं.

कोणती थेरपी शिकवता?

थोडं कार्ल रॉजर्सचं (क्लायंटला समजून घेत ऐकणं), थोडं सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावरची थेरपी) आणि बऱ्यापैकी आरईबीटी, म्हणजे विवेकनिष्ठ मानसोपचार. शेवटचं का, तर अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसने १९५५ च्या सुमारास मांडलेली ही पद्धत मानसतज्ज्ञ कि. मो. फडके यांच्यामुळे मराठीत फार लवकर रुजली. 'विवेकनिष्ठ' हा शब्द आज आपण सहज वापरतो. या पद्धतीत माणसाच्या हट्टी मागण्या शोधतात आणि मराठीत त्या शोधणं सोपं आहे, कारण आपला हट्ट एका अक्षरात मावतो. 'मला पास व्हायला हवं' आणि 'मला पास व्हायलाच हवं' ही वाक्यं म्हणून बघा. इंटर्नना मी सांगते, पहिले काही दिवस नुसते 'च' मोजा. पण मोजलेले 'च' क्लायंटच्या तोंडावर फेकू नका. दुसऱ्याच सेशनमध्ये 'तुझा विचार अविवेकी आहे' असं ऐकलेला क्लायंट तिसऱ्याला येत नाही.

क्लायंटने मरणाचा विषय काढला तर?

हा सेमिनार दुसऱ्या आठवड्यात होतो, म्हणजे तुम्हाला एकही क्लायंट मिळण्याआधी. तो चुकवला तर क्लायंट मिळत नाही. याला अपवाद केलेला नाही.

सरळ विचारायचं. विचारल्याने डोक्यात विचार शिरतो ही समजूत खरी नाही, उलट बऱ्याच जणांना कुणीतरी विचारलं याचंच हायसं वाटतं. पण 'काही नको ते विचार तर येत नाहीत ना?' असं विचारलंत की त्याला 'नाही' म्हणणं भाग पडतं. "जीव द्यावासा वाटतो का?" हे वाक्य प्रत्येकाने सेमिनारमध्ये मोठ्याने म्हणायचं असतं, डोळ्यांत बघून. पहिल्यांदा म्हणताना आवाज बसतो. तो आमच्यासमोर बसलेला बरा.

उत्तर 'हो' आलं तर खोली सोडायची नाही, क्लायंटला एकटं ठेवायचं नाही, सुपरव्हायझरला आत बोलवायचं. 'मी असं काही करणार नाही' असं लिहून सही घेण्याची जुनी पद्धत आम्ही वापरत नाही. त्याऐवजी बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन यांनी बांधलेली सुरक्षा योजना क्लायंटबरोबर बसून, त्याच्याच शब्दांत लिहितो. धोक्याची चाहूल कशी लागते, स्वतःला कशाने सावरता येतं, कुठे किंवा कुणात गेलं की मन वळतं, मदत कुणाकडे मागता येईल, तज्ज्ञांचे नंबर कोणते आणि घातक वस्तू हाताशी राहू नयेत म्हणून काय करायचं. शेवटच्या मुद्द्यावर मुलं ओशाळतात, तरी तो वगळायचा नाही. त्या कागदावर १४४१६ हा टेली-मानसचा नंबर असतोच. केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, दिवसरात्र चालते आणि मराठीतही बोलता येतं.

ज्याने आधी प्रयत्न केला आहे तो बऱ्याचदा पोलिसांच्या भीतीने गप्प असतो. त्याला माहीत असू द्या: मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं जातं आणि तिच्यावर खटला चालवला जात नाही. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुन्या दंड संहितेचं कलम ३०९ उरलेलं नाही.

पालक फोन करून विचारतात, 'आमचा मुलगा तुमच्याकडे येतो का?' काय सांगायचं?

'हो' नाही आणि 'नाही'ही नाही. हा रोल-प्ले आम्ही दरवर्षी करतो आणि दरवर्षी इंटर्न हरतात, कारण फोनवरचा बाप रडकुंडीला आलेला असतो आणि आपल्याला मोठ्यांना नाही म्हणायची सवय नसते. वाक्य असं ठेवा: "काका, इथे कोण येतं ते आम्ही कुणालाच सांगत नाही. तुम्हाला कशाची काळजी वाटतेय ते मात्र मी ऐकते." त्यानंतर खरंच ऐका. ते जे सांगतील ते तुम्ही ऐकू शकता, फक्त स्वतःकडून काही द्यायचं नाही.

होस्टेलचे रेक्टर, विभागप्रमुख, परीक्षा विभाग यांनाही हेच. 'साहेबांनी विचारलंय' हे कारण होत नाही. २०१७ च्या कायद्याचं कलम २३ गोपनीयतेचा हक्क देतं आणि त्यातले अपवादही सांगतं: जिवाला धोका, दुसऱ्याला इजा होण्याची शक्यता, न्यायालयाचा आदेश अशा मोजक्या गोष्टी. हे अपवाद क्लायंटला पहिल्याच सेशनमध्ये सांगायचे असतात. सगळं ऐकून घेतल्यावर सांगितले तर तो फसवणूक समजेल, आणि ते बरोबरच आहे.

कॅन्टीनमध्ये क्लायंट समोर आला तर आपणहून ओळख दाखवू नका. त्याने हात केला तर तुम्हीही करा.

क्लायंट सतरा वर्षांचा निघाला तर?

पहिल्या वर्षाला असे विद्यार्थी येतात, म्हणून इंटेक फॉर्मवर जन्मतारीख बघायची सवय लावा. अठराच्या आतल्या क्लायंटने लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं तर पॉक्सो कायद्याच्या (मुलांचं लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा) कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं कलम २१ प्रमाणे शिक्षेला पात्र आहे. कळवायचं काम इंटर्नने एकट्याने करायचं नाही. तुमचं काम सुपरव्हायझरला ताबडतोब बोलावणं आणि मुलीला किंवा मुलाला पुढे काय होणार ते न फसवता सांगणं. 'कुणालाही सांगणार नाही' असं वचन चुकूनही देऊ नका.

टेस्ट्स घेता येतात का?

पीएचक्यू-९ (नैराश्याची प्रश्नावली) आणि जीएडी-७ (चिंतेची प्रश्नावली) येतात. पीएचक्यू-९ मध्ये गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न असतात, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. बेरीज नंतर केली तरी चालेल, पण नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल आहे. क्लायंट खोलीत असतानाच तो बघायचा. फॉर्म फाइलला लावून टाकला आणि नववा प्रश्न संध्याकाळी बघितला, असं माझ्याकडून माझ्या स्वतःच्या इंटर्नशिपमध्ये झालं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. क्लायंट सुखरूप होती, पण त्यात माझं काही कर्तृत्व नव्हतं.

रोर्शाक (शाईच्या डागांची चाचणी), बुद्ध्यांक चाचण्या, निदानाचे रिपोर्ट: नाही.

नोट्स कुठे लिहायच्या?

केंद्राच्या फाइलमध्ये, केंद्रातच. मोबाइलमध्ये नाही, गूगल ड्राइव्हवर नाही, आणि इंटर्नच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर 'आज एक केस आली होती' एवढंही नाही. सेमिनारला केस आणताना नाव, गाव, विभाग बदलायचा. आपलं विद्यापीठ वाटतं तेवढं मोठं नाही. 'शाहिरी करणारी, विदर्भातली, फिजिक्सची मुलगी' म्हटलं की अर्धं टेबल ओळखतं.

जातीवर सेमिनार कशाला? मी जात मानत नाही.

हे वाक्य दरवर्षी येतं आणि ते बोलणारा सहसा सज्जन असतो. पण तुमच्या क्लायंटला लोक जात मानायला लावतात. शिष्यवृत्तीच्या रांगेत, रूममेट्सच्या थट्टेत, प्रवेशाच्या यादीवर नाव बघून झालेल्या कुजबुजीत. तो जेव्हा 'माझ्यात कॉन्फिडन्स कमी आहे' म्हणतो तेव्हा त्याला कॉन्फिडन्स वाढवायचे उपाय देणं म्हणजे ती थट्टा योग्य होती असं सांगण्यासारखंच होतं. कधीकधी क्लायंट पहिल्या पाच मिनिटांत तुमचं पूर्ण नाव विचारतो. त्याला तुमचं आडनाव हवं असतं. ते का हवंय याचा विचार करा आणि दुखावून घेऊ नका. आडनाव सांगा आणि मग विचारा, "हे माहीत असणं तुमच्यासाठी महत्त्वाचं आहे, असं दिसतंय?" या एका प्रश्नाने काही सेशन्सची दिशाच बदललेली मी पाहिली आहे.

एखाद्या पालकांनी 'मुलाला नॉर्मल करून द्या' म्हटलं तर?

समलैंगिकता हा आजार नाही, त्यामुळे उपचाराचा प्रश्न येत नाही. प्रौढांमधले संमतीचे समलैंगिक संबंध गुन्हा नाहीत, हा सर्वोच्च न्यायालयाचा ६ सप्टेंबर २०१८ चा निकाल तुम्हाला माहीत असेल. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने डॉक्टरांसाठी 'कन्व्हर्जन थेरपी' (लैंगिक कल बदलण्याचे 'उपचार') हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. पालकांना हाकलून देऊ नका. त्यांची भीती ('लोक काय म्हणतील', 'म्हातारपणी याला कोण') खरी असते आणि तिच्यावर काम करता येतं. ते काम मात्र सुपरव्हायझर करतात.

माझा क्लायंट दुसऱ्यांदा आलाच नाही. मी चुकले का?

कदाचित. कदाचित त्याची प्रॅक्टिकल्स लागली असतील, कदाचित एका सेशनमध्ये त्याला हवं ते मिळालं असेल. एकदा फोन करायचा, तोही केंद्राच्या नंबरवरून, दुसऱ्यांदा नाही. नो-शोवर आम्ही एक बुधवार खर्च करतो. एकेक इंटर्न आपली 'न परतलेली' केस सांगतो आणि टेबलावर एक मजेशीर गोष्ट दिसते: मुलं म्हणतात क्लायंट सिरीयस नव्हता, मुली म्हणतात माझंच काहीतरी चुकलं. दोन्ही उत्तरं फार लवकर आलेली असतात. मी स्वतः त्या दिवशी माझीही एक केस सांगते. वर्षं झाली, उत्तर मिळालेलं नाही.

मला स्वतःला थेरपी घ्यावी लागेल का?

सक्ती नाही. ऐकून ऐकून घरी जाताना रिकामं वाटू लागलं तर जरूर घ्या, पण आमच्या केंद्रात नको. जो तुमचं मूल्यमापन करतो त्याच्यासमोर मन मोकळं करणं दोघांच्याही दृष्टीने चुकीचं. बाहेरच्या तज्ज्ञांची यादी ऑफिसात आहे. कुणी मागितली याची नोंद ठेवत नाही.

वर्गमैत्रीण क्लायंट म्हणून आली तर?

घ्यायची नाही. रूममेट, नातेवाईक, तुमच्या विभागातलं कुणीही नाही.

सर्टिफिकेटवर प्रॅक्टिस सुरू करता येईल का?

आमचं प्रमाणपत्र तुम्ही इतके तास सुपरव्हिजनखाली काम केलं एवढंच सांगतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते आणि ती आरसीआय-मान्य अभ्यासक्रमाशिवाय मिळत नाही. इन्स्टाग्रामवर नावाआधी काहीही लावून बसलेले लोक तुम्ही पाहिले असतील. आमच्या माजी इंटर्नमधलं कुणी तसं दिसलं तर मी स्वतः फोन करते.

मानधन? हजेरी?

मानधन नाही, याचं मला वाईट वाटतं आणि मी दरवर्षी अर्ज करते. सेमिनारला वर्षात दोन गैरहजेऱ्या चालतात.

वर्ष संपलं की माझ्या क्लायंटचं काय?

हा विषय मार्चमध्ये काढला तर उशीर झालेला असतो. फेब्रुवारीच्या पहिल्या सेशनमध्ये सांगायचं: "मी मार्चअखेर इथून जाणार आहे, आपली सात सेशन्स उरली आहेत." मग दर वेळी आकडा सांगायचा. क्लायंट 'ठीक आहे' म्हणतो आणि पुढच्या आठवड्यात येत नाही, हे इतकं नेहमीचं आहे की आम्ही त्यासाठी एक आठवडा जास्तीचा धरूनच ठेवतो. ज्यांना पुढे यायचं आहे त्यांची ओळख नव्या समुपदेशकाशी तुम्ही हजर असताना करून द्यायची, फाइल टेबलावरून सरकवून नाही. फोन नंबर द्यायचा नाही, कितीही वाटलं तरी.

इंटर्नचाही निरोप असतो, पण तो शेवटच्या बुधवारी साडेचारनंतर. त्याआधी अडीच ते साडेचार प्रत्येकाने आपल्या क्लायंटची यादी वाचायची असते: कोण थांबलं, कोण पुढे कुणाकडे गेलं, कुणाचा पत्ता लागला नाही. मग कपाटाची किल्ली परत द्यायची आणि भेळ.